सुट्टीचा कागद

खानदेशात एखाद्या रुग्णाला दवाखान्यातून घरी जाण्याची परवानगी मिळाली, म्हणजे त्याचे आप्तेष्ट एकमेकांना ‘सुट्टी झाली’ असे कळवितात. शाळेला सुट्टी, कचेरीला सुट्टी, त्याचप्रमाणे खाटेला, सलाईनला आणि औषधांच्या वासाला सुट्टी. या शब्दात जो मोकळेपणाचा आनंद आहे तो कोणीही हिरावून घेऊ नये. तथापि त्याच शब्दात एक घातक समजूतही दडलेली आहे, ती ही की, शस्त्रवैद्याने पोट उघडले, दोष काढला, टाके घातले आणि तेथे प्रकरण निकालात निघाले. वस्तुतः शस्त्रक्रियेचा जो भाग शस्त्रवैद्याच्या हातून व्हावयाचा तो तासा-दोन तासांत संपतो. जो भाग घरच्या माणसांच्या हातून, चुलीपाशी, मोरीपाशी आणि अंथरुणापाशी व्हावयाचा, तो त्या सुट्टीच्या दिवशी सुरू होतो आणि पुढे कित्येक आठवडे चालतो. पहिल्या भागासाठी माणसे दहा-बारा वर्षे शिक्षण घेतात; दुसऱ्या भागाचे सर्व शिक्षण दारात उभ्याउभ्या पाच मिनिटांत उरकले जाते.

सुट्टीच्या दिवसाची सकाळ किती धांदलीची असते हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला सांगावयास नको. हिशेबाची पूर्तता व्हावयाची असते, सरकारी आरोग्य योजनेच्या कागदांवर सह्या व अंगठे व्हावयाचे असतात, शिरपूरची किंवा चोपड्याची एस. टी. गाठावयाची असते, बाहेर कोणी रिक्षा सांगून ठेवलेली असते. आणि या गडबडीत डॉक्टर येतात, जखमेकडे एकवार पाहतात, हातातील कागदावर काही लिहितात आणि आठ-दहा वाक्ये बोलतात. ही गोळी दोन वेळा, ही तीन वेळा, मलम बाहेरून, जखम भिजवू नका, ओझे उचलू नका, हलका आहार घ्या, ताप आला तर लगेच या, नाहीतर आठ दिवसांनी टाके काढायला या. मग ते विचारतात, ‘समजलं ना?’ आणि खाटेवरील म्हातारी पदर सावरून मान हलविते. ही मान म्हणजे समजल्याची कबुली आहे असे डॉक्टरांना वाटते. परंतु या मुलखात वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे की ती थोराच्या पुढे दाखवावयाची अदब आहे. ज्याने जीव वाचविला त्यालाच ‘तुमचे बोलणे मला कळले नाही’ असे तोंडावर सांगणे हा तिच्या दृष्टीने त्याचा उपमर्द होय. मग तो कागद, जो बहुधा इंग्रजीत असतो, घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत जातो, आणि ती पिशवी घरी गेल्यावर खुंटीला लागते.

या प्रदेशाची घरची भाषा पुस्तकी मराठी नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि ज्याच्या पश्चिमेकडील भागातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला, तेथे गिरणा आणि पांझरेच्या खोऱ्यांत अहिराणी बोलतात; यावल-रावेरकडे लेवा बोली आणि तडवी भिल्लांची बोली कानी पडते; सातपुड्याच्या अंगाने शिरपूर-चोपड्यापासून धडगावपर्यंत पावरी आणि बारेली चालते; साक्री-नवापूरच्या बाजूस कोकणी व मावची, तांड्यांवर गोरबोली, धुळे, जळगाव आणि भुसावळ येथील मोहल्ल्यांत उर्दू. ग्रियर्सन यांनी आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या ज्या खंडात खानदेशीचे विवेचन केले तो खंड भिल्ली भाषांचा आहे, मराठीचा नव्हे. त्या वर्गीकरणाविषयी विद्वानांनी पुढे कितीही वाद घातला असला, तरी एका परक्या अधिकाऱ्याच्या कानालाही ही बोली निराळी वाटली एवढे त्यावरून निश्चित होते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणाऱ्यांची संख्या १८ लाखांहून अधिक भरली. शिवाय धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चौफुलीवर वसलेले असल्यामुळे तेथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा शहरातील खासगी इस्पितळांत सेंधवा-खेतियाकडून निमाडी व बारेली बोलणारी मंडळीही येतात. डॉक्टर मात्र नागपूरचे, लातूरचे, कोल्हापूरचे, क्वचित परप्रांतीय. त्यांचे शिक्षण इंग्रजीत, बोलणे शहरी मराठीत अथवा हिंदीत.

अहिराणी बोलणाऱ्याला प्रमाण मराठी बहुतांशी समजते हे खरे आहे, आणि म्हणूनच येथील अडथळा दिसत नाही. डोळ्याला डोया आणि सकाळला सकाय म्हणणारा माणूस ‘सकाळी डोळ्यात औषध घाला’ हे वाक्य समजून घेईल. पण स्वतःचे दुखणे सांगताना, शंका विचारताना, भीती बोलून दाखविताना त्याला आपलीच बोली लागते, आणि ती या गोऱ्यागोमट्या इमारतीत चालणार नाही अशा समजुतीने तो गप्प राहतो. एखादी स्थानिक सिस्टर खाटेशी वाकून ‘माय, आते कसं वाटस?’ एवढे विचारते, आणि आठ दिवस ‘बरं आहे’ यापलीकडे न बोललेली बाई एकदम बोलती होते, हा चमत्कार ज्याने पाहिला असेल त्याला मातृभाषेचे औषधी मूल्य निराळे सांगावे लागणार नाही. पावरी किंवा बारेली बोलणाऱ्या स्त्रियांची गोष्ट त्याहून कठीण. त्यांना मराठी ही दुसरी नव्हे तर कधी कधी तिसरी भाषा असते, बाजारहाटापुरती. तीत किंमत विचारता येते, परंतु जखमेतून येणाऱ्या स्रावाचा रंग सांगता येत नाही.

मग दुभाषी शोधला जातो. वॉर्डातील मावशी किंवा मामा, म्हणजे तेथील परिचर, हे बहुधा आसपासच्या गावांतले असल्यामुळे तेच या कामी धावून येतात, आणि त्यांच्या या सेवेची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. मावशी नसेल तर रुग्णासोबत आलेला आश्रमशाळेतील मुलगा पुढे केला जातो. दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलाने आपल्या काकूला गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर काय पाळावे हे सांगावे, ही अपेक्षा त्या मुलावर आणि त्या काकूवर सारखाच अन्याय करणारी आहे. तो लाजेने अर्धे गाळतो, ती लाजेने पाऊण ऐकत नाही. दुभाष्यांकडून होणाऱ्या चुकांची मोजदाद अमेरिकेत झालेली आहे: २००३ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पॅनिशभाषी कुटुंबांच्या १३ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले असता प्रत्येक भेटीत सरासरी ३१ चुका आढळल्या, आणि त्यांपैकी बहुसंख्य चुका रुग्णाला अपाय करू शकतील अशा होत्या. सर्वांत मोठा प्रकार होता गाळण्याचा; दुभाषी खोटे सांगत नव्हते, ते थोडक्यात सांगत होते. त्याच देशात, फ्लॉरिडा राज्यात, १९८० साली अठरा वर्षांचा एक तरुण बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आला तेव्हा नातेवाइकांनी अन्नातून बाधा झाल्याच्या अर्थाने उच्चारलेला एक स्पॅनिश शब्द डॉक्टरांनी नशेच्या अर्थाने घेतला. मेंदूतील रक्तस्राव दोन दिवस ध्यानात आला नाही, आणि त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. त्याच्या दाव्यात सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरांची भरपाई ठरली. एका शब्दाची ही किंमत आहे.

परंतु भाषेचा प्रश्न केवळ पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्यांपुरता आहे असे मानून प्रमाण मराठीत वाढलेल्यांनी निश्चिंत होऊ नये. शुद्ध मराठीतही डॉक्टर एक बोलतात आणि रुग्ण दुसरे ऐकतो. ‘आठ दिवसांनी या’ हे आपल्या भाषेतील अत्यंत रूढ वाक्य घ्या. आपण आठवड्याला आठ दिवस म्हणतो आणि पंधरवड्याला पंधरा. मोजून पाहिले तर सोमवारी निघालेल्याने सोमवारी यावे की मंगळवारी, हे त्या वाक्यात कोठेच नाही. ‘परवा’ हा शब्द तर गेलेल्या आणि येणाऱ्या दोन्ही दिवसांना चालतो. गावातील माणूस काळ मोजतो तो बाजाराच्या वाराने, चतुर्थी-एकादशीने, अमावास्या-पौर्णिमेने. त्याला ‘१४ तारखेला’ असे सांगण्याऐवजी ‘तुमच्या गावचा बाजार झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी’ असे सांगितले तर तो विसरणार नाही. त्यातही टाके काढण्याचा दिवस अमावास्येला येत असेल तर तो मुकाट्याने पुढे ढकलला जाणार, हे जाणून डॉक्टरांनी तेव्हाच बोलून घेतलेले बरे.

कागदावर लिहिलेल्या १-०-१ या खुणेची तीच कथा. लिहिणाऱ्याला तिचा अर्थ स्वयंसिद्ध वाटतो: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पण ज्याला अंकांची ओळख नाही त्याला त्या शून्याचे मौन कसे कळावे? बरे, रात्री म्हणजे केव्हा? शेतीपंपाची वीज रात्री येते म्हणून जो शेतकरी मध्यरात्री पाणी भरावयास जातो आणि पहाटे झोपतो, त्याच्या दिवसाचे तीन भाग डॉक्टरांच्या दिवसाशी जुळत नाहीत. ‘जेवणानंतर’ हा शब्द तर याहून फसवा. उपवासाच्या दिवशी जेवण नाही म्हणून गोळीही नाही, असा सरळ तर्क करून जंतुनाशक औषधाचा एक दिवस चुकविणाऱ्या भाविक स्त्रिया घरोघरी आहेत, आणि रमजानच्या महिन्यात मोहल्ल्यांतही हाच प्रश्न येतो. त्यांचा तर्क चुकीचा नाही. त्यांना मिळालेले वाक्य अपुरे होते. ‘काही ना काही खाऊन, अगदी उपवास असेल तर दूध-केळे खाऊन, ही गोळी घ्यायचीच’ एवढे बोलले असते तर काम झाले असते.

ओझ्याचेही तसेच. ‘जड उचलू नका’ हे ऐकणारी बाई मनात विचार करते की, मी तर जड काहीच उचलत नाही. पाण्याने भरलेला हंडा तिच्या लेखी जड नसतो, तो रोजचा असतो. रावेर-यावलकडील केळीच्या बागेत घड वाहणारा मजूर पंधरा-वीस किलोंचा घड खांद्यावर टाकतो, त्याला ‘जड’ म्हणजे ट्रॅक्टरमध्ये भरावयाचे खताचे पोते वाटते. कपाशीच्या वेचणीला जाणारी स्त्री कमरेला कापड बांधून त्यात बोंडांतला कापूस साठविते; ते कापड तासा-दोन तासांत भरून ओटीपोटावर ताण देऊ लागते, आणि तिच्या ओटीपोटावर महिन्यापूर्वी सिझेरियनचा छेद घेतलेला असतो. तिला किलोचा आकडा सांगून उपयोग नाही. ‘हंडा नको, तान्ह्या बाळाहून जड काही नको, आणि वेचणीला मी सांगेपर्यंत जायचे नाही’ हे शब्द तिच्या शेतापर्यंत पोहोचतात.

आता पथ्याकडे वळतो, कारण माझ्या मते या सर्व गैरसमजांचे मूळ येथे आहे. आपल्याकडे आजाऱ्याचे नातेवाईक डॉक्टरांना जो पहिला प्रश्न विचारतात तो औषधाचा नसतो, ‘पथ्य काय?’ हा असतो. शेकडो वर्षांच्या आयुर्वेदीय संस्कारामुळे औषध आणि पथ्य ही जोडी आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की, पथ्य न सांगणारा वैद्य आपल्याला अपुरा वाटतो. आधुनिक शस्त्रवैद्य या प्रश्नाला ‘सगळं खा’ असे उत्तर देतात. त्यांचा हेतू उदार असतो, पण ऐकणाऱ्याला वाटते की डॉक्टरांनी प्रश्न टाळला. आणि मग ती रिकामी जागा शेजारपाजार भरून काढतो. आंबट खाल्ले तर टाके पिकतात, डाळीने पू होतो, अंडे उष्ण, भात थंड, वांगे वातूळ, दूध कफकारक, अशा निषेधांची माळ गुंफली जाते, आणि ज्या देहाला नवे मांस भरून काढावयाचे आहे तो देह पंधरा दिवस पेजेवर आणि चहा-टोस्टवर ठेवला जातो.

वास्तविक जखम भरते ती प्रथिनांच्या आधाराने; ज्या तंतूंनी कातडीचे दोन काठ परस्परांस शिवले जातात ते तंतू शरीर प्रथिनांपासून बनविते, आणि ते बनविताना त्याला क जीवनसत्त्व लागते, जे लिंबात, आवळ्यात, पेरूत, म्हणजे नेमक्या त्या आंबट म्हणून वर्ज्य ठरलेल्या फळांत असते. अठराव्या शतकात ॲन्सन नामक इंग्रज दर्यावर्द्याच्या जगप्रदक्षिणेत ताज्या फळांवाचून खलाशांना स्कर्व्हीचा रोग जडला, तेव्हा त्यांतील एकाच्या अंगावरील पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईची भरून आलेली जखम पुन्हा उकलली, अशी नोंद त्या सफरीच्या वृत्तांतात आहे. हा दाखला मी मुद्दाम दिला, कारण ‘आंबट खा’ असा नुसता हुकूम आजीबाई मानणार नाहीत; कारण सांगितले तर मानतील. म्हणून मला असे वाटते की डॉक्टरांनी ‘सगळं खा’ असे न म्हणता पथ्य सांगावे: दोन्ही वेळा डाळ, रोज एक लिंबू, चालत असेल तर अंडे, नसेल तर शेंगदाणे आणि मटकी, आणि मिरचीचा ठेचा चार दिवस बाजूला. पथ्य मागणाऱ्याला पथ्य मिळाले म्हणजे शेजारणीच्या पथ्याला घरात जागा राहत नाही. ‘हलका आहार’ हा शब्दप्रयोग तर सोडूनच द्यावा. कळण्याची भाकरी पचविणाऱ्याला हलके म्हणजे काय आणि जड म्हणजे काय याचा निवाडा परक्याने एका विशेषणात करू नये.

लज्जेचा अडसर याहून सूक्ष्म आहे. पोटाची शस्त्रक्रिया झाली म्हणजे आतड्यांची थांबलेली हालचाल पुन्हा सुरू झाली की नाही हे कळण्याची साधी खूण म्हणजे वारा सरणे. तरुण डॉक्टर सहा माणसांच्या देखत विचारतात, ‘गॅस पास झाला का?’ बाईला पहिल्याने गॅस म्हणजे चुलीवरचा सिलिंडर आठवतो. अर्थ कळला तरी ती लाजून ‘हो’ म्हणते, आणि तिचे पोट फुगत राहते. ‘वारा सरला का?’ हा आपल्या भाषेतील सभ्य आणि नेमका शब्दप्रयोग आहे, तो सिस्टरने एकांतात विचारावा. गर्भाशय काढल्यानंतर काही आठवडे पती-पत्नींनी दूर राहावयाचे असते, ही गोष्ट केवळ त्या स्त्रीला सांगून भागत नाही, तिच्या नवऱ्याला वेगळे बोलावून स्पष्ट सांगावी लागते, कारण घरात नकार देण्याचे बळ तिच्याजवळ असेलच असे नाही. पुरुष नसबंदीनंतर तीन महिन्यांपर्यंत गर्भधारणा होऊ शकते, तोवर दुसरे साधन वापरावे आणि मग वीर्यतपासणी करून घ्यावी, ही सूचना संकोचापोटी पुटपुटत दिली गेली तर पुढे घरात जो संशय माजतो त्याने संसार मोडू शकतात. येथे अस्पष्ट बोलणे म्हणजे सभ्यता नव्हे.

दुखण्याच्या शब्दांत मात्र आपली भाषा श्रीमंत आहे, आणि त्या श्रीमंतीचा उपयोग करून घेणे डॉक्टरांच्याच हिताचे आहे. एक ते दहा या मापावर वेदना सांगा, असे म्हटले तर म्हातारा गोंधळतो. पण तोच माणूस ठणका, ठसठस, कळ, चमक, आग, चुरचुर यांतील भेद अचूक सांगेल. टाक्यांच्या जागी दोन दिवस चुरचुर होणे साहजिक आहे. पाचव्या दिवशी ठणका लागून जागा लाल व गरम झाली, वास येऊ लागला, तर आत पू धरल्याचा संशय घ्यावा. पोटरीत एका बाजूला सूज येऊन दुखू लागले, किंवा एकाएकी धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते आणि उद्याची वाट पाहता कामा नये. ‘काही वाटलं तर या’ हे वाक्य यासाठी निरुपयोगी आहे. काय वाटले तर यावे, तेच रुग्णाला माहीत नसते.

सर्वांत बोलका दाखला मोतीबिंदूचा. शस्त्रक्रिया झालेला माणूस सत्तरीचा, ऐकू कमी येणारा, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात अजून पिकलेला मोतीबिंदू. त्याच्या हातात आपण बारीक छापील तक्ता देतो. त्याला दोन किंवा तीन प्रकारचे थेंब असतात, आणि दोन थेंबांच्या मध्ये पाच मिनिटे थांबावयाचे असते. का? पापणीआड एका थेंबाहूनही कमी जागा असते. दुसरा थेंब लगोलग टाकला तर पहिला धुऊन गालावर येतो आणि विकत घेतलेले औषध रुमालाला लागते. त्यांपैकी स्टिरॉइडचा थेंब एकदम बंद करावयाचा नसतो; दिवसातून सहा वेळा, मग चार, मग तीन, असा आठवड्या-आठवड्याने उतरवावा लागतो, नाहीतर आतील सूज उलटते. हा उतरता हिशेब घरात एका ठराविक माणसाकडे सोपविल्याशिवाय पार पडत नाही, आणि ते माणूस बहुधा सून किंवा नात असते, जी सुट्टीच्या वेळी दवाखान्यात आलेलीच नसते. बाटल्यांच्या टोपणांना निरनिराळ्या रंगाचा दोरा बांधणे, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेवर त्याच रंगाच्या रेघा ओढणे, एवढी तजवीज पुरते. डोळ्याला पाणी लागू द्यावयाचे नाही, चोळावयाचे नाही, मध, गुलाबपाणी किंवा काजळ घालावयाचे नाही. आणि दुखणे व लाली वाढून नजर मंदावली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघावयाचे, कारण डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाल्यास तासांचा हिशेब असतो.

माणसे विसरतात, यात त्यांचा दोष थोडा आहे. २००३ साली केसेल्स या डच संशोधकाने या विषयावरील अभ्यासांचा परामर्श घेऊन असे दाखविले की, वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण तत्काळ विसरतो, आणि जे आठवते त्यातील निम्मे चुकीचे असते. हे बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील रुग्णांचे आहे. तेव्हा निरक्षर रुग्णाला ‘सांगून काय उपयोग’ असे म्हणणाऱ्यांनी जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींचे स्मरण करावे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या स्मरणात आणि ओठांवर होती, इतरांनी ती लिहून घेतली, आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने निघाली. ज्या समाजाच्या जात्यावर अशी स्मृती नांदत होती तो समाज पाच सूचना लक्षात ठेवू शकत नाही असे मी मानणार नाही. सूचना क्रमाने, थोड्या, त्याच्या शब्दांत आणि कारणासह मिळाल्या पाहिजेत.

आणि त्या उलट ऐकल्या गेल्या पाहिजेत. ‘समजलं ना?’ याऐवजी डॉक्टरांनी अथवा सिस्टरने म्हणावे, ‘आबा, घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल? मी नीट सांगितले की नाही ते मला कळू द्या.’ यात परीक्षा सांगणाऱ्याची असते, म्हणून ऐकणाऱ्याचा मान राहतो. सॅन फ्रान्सिस्कोत मधुमेही रुग्णांच्या बाबतीत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, डॉक्टर हे फार क्वचित, सुमारे पाचात एका भेटीत करीत. पण ज्यांचे डॉक्टर हे करीत त्यांची साखर अधिक आटोक्यात होती, आणि त्या भेटींना वेळही जास्त लागला नव्हता. वेळ नाही ही सबब त्यामुळे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियागृहासाठी १९ कलमांची पडताळणी-यादी दिली, आणि दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. त्या खोलीच्या दाराशी जी शहानिशा होते ती वॉर्डाच्या दाराशीही झाली पाहिजे.

आज प्रत्येक नातेवाइकाच्या खिशात मोबाईल आहे. डॉक्टरांचे किंवा मावशीचे बोलणे, त्यांच्या परवानगीने, अहिराणीत वा पावरीत दोन मिनिटे ध्वनिमुद्रित करून घेतले तर ते घरातील सर्वांना हवे तितक्या वेळा ऐकता येते, आणि न वाचता येणे हा अडथळाच उरत नाही. उदाहरणार्थ, लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती कमरेच्या खाली का टांगावयाची हे त्यात सांगावे, म्हणजे प्रवासात ती मांडीवर घेतली जाणार नाही: वर धरली तर मूत्र उलटे मूत्राशयात जाते आणि जंतू बरोबर नेते.

सरकारी यंत्रणेत यासाठी माणूस नाही असेही नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि तिच्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. आज त्याचा बहुतेक वेळ नोंदणीत, शिधापत्रिका तपासण्यात आणि मंजुरीच्या कागदांत जातो. स्थानिक बोली येणारा आरोग्यमित्र सुट्टीच्या सूचना सांगावयास आणि उलट ऐकावयास उभा केला, आणि चौथ्या दिवशी त्यानेच एक फोन केला, तर त्या पदाचे नाव सार्थ होईल. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत, आणि आपल्याला समजणाऱ्या भाषेत माहिती मिळणे हे त्यांतच येते. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच शहरात बहिणाबाईंच्या नावाचे विद्यापीठ आहे. या दोहोंनी मिळून अहिराणी, पावरी, मावची आणि गोरबोलीत दहा-बारा नेहमीच्या शस्त्रक्रियांच्या सूचना ध्वनिमुद्रित करून दवाखान्यांना द्याव्यात, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे. शब्द आश्रमशाळांतील शिक्षकांकडून आणि गावोगावच्या आशाताईंकडून घ्यावेत, कोशातून नव्हे.

आणि ज्यांच्या घरी उद्या कोणाची सुट्टी होणार आहे त्या वाचकाला एक सांगणे आहे. घरी जे माणूस औषध देणार, जखम पाहणार, स्वयंपाक करणार, त्याला सुट्टीच्या वेळी दवाखान्यात घेऊन जा, एस. टी. चुकली तर दुसरी मिळेल. रात्री-अपरात्री कोणाला फोन करावयाचा तो क्रमांक त्या कागदावर ठळक लिहून घ्या. आणि कागदाची घडी घालण्यापूर्वी, भीड न धरता, डॉक्टरांना म्हणा, ‘साहेब, मी काय समजलो ते एकदा बोलून दाखवितो, चुकलं तर सांगा.’